स्प्रिंगचा आजचा भाव

सोमवार, ९ फेब्रुवारी

सकाळी पावणेसातला गॅरेजमध्ये बार उडाल्यासारखा आवाज झाला. मी दाढी करत होतो, हनुवटी कापली. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, काय फुटलं?" मला वाटलं गाडीचा टायर. पण चारही टायर शाबूत होते. दाराच्या वर आडव्या दांड्यावर ज्या दोन जाड स्प्रिंगा असतात, त्यांतली डावीकडची मधोमध तुटून तिचे दोन तुकडे झाले होते. दार जागचं हलेना. माणसाला घरातून आत जायला लहान दार आहे, पण गाडी आत अडकलेली.

फिटर दहाला आला. उंच, पांढऱ्या मिशांचा, बोलायला शांत. त्यानं सांगितलं की दार शंभर किलोचं आहे आणि इतकी वर्षं ते मी उचलतच नव्हतो, स्प्रिंगा उचलत होत्या. स्प्रिंग पिळून तिच्यात जोर भरून ठेवलेला असतो. दार ठरावीक काही हजार वेळा वरखाली झालं की तिचा जीव जातो. "एक गेली म्हणजे दुसरीचेही दिवस भरलेत. दोन्ही बदलू. सात हजार आठशे, मजुरीसकट."

मी जुनी वही काढून दाखवली. सहा वर्षांपूर्वी हीच जोडी बदलली होती, तेव्हा तीन हजार दोनशे पडले होते. तो म्हणाला, "साहेब, सहा वर्षांपूर्वी माझ्या मिशाही काळ्या होत्या." हे काय उत्तर झालं?

बत्तीस वर्षं मी कारखान्याच्या खरेदी विभागात काढली. तीन कोटेशनं आल्याशिवाय टाचण्यांचं पाकीटसुद्धा घेतलं नाही. पहिलाच भाव ऐकून मान हलवणारा मी नव्हे. कळवतो म्हणून सांगितलं. बायको त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली आणि चांगली दहा मिनिटं बोलत उभी राहिली. काय बोलत होतीस विचारलं, तर म्हणाली, "त्यांच्या मुलीची चौकशी करत होते." ओळख ना पाळख, आणि मुलीची चौकशी!

वेळ भरपूर आहे. लेकीला आणायचं २९ मार्चला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तिचे दिवस भरतात. जावई बोटीवर आहे, जूनपर्यंत यायचा नाही. ती राहते चाळीस किलोमीटरवर आणि दवाखाना ठरलाय आमच्या घराजवळचा. तिला घेऊन यायचं मी, आणि ऐन वेळी दवाखान्यात न्यायचंही मीच. ते सगळं माझ्याकडे आहे. तोवर एक दार उघडायला काय लागतं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

आज कंपनीचा माणूस आला. टाय लावून. त्यानं मान वर करून स्प्रिंगांकडे पाहिलं, हातातल्या काचेच्या पाटीवर बोटं फिरवली आणि म्हणाला, नऊ हजार सहाशे. शिवाय भेटीचे पाचशे, ते आत्ताच. नुसतं वर बघायचे पाचशे! वर तर मीही रोज बघतो, मला कोणी छदाम दिला नाही. दिले, काय करता.

जाता जाता त्यानं आगाऊपणे विचारलं, "फाटकाच्या उजव्या खांबाला गाडी घासली का हो?" मी सांगितलं, गवंड्यानं खांब चार बोटं आत बांधलाय. एकोणीस वर्षांपूर्वी बांधला तेव्हाच मी म्हटलं होतं की हा कधीतरी नडणार. या जानेवारीत नडला, दोनदा.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

लिहून ठेवण्यासारखी गोष्ट. एकोणचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा बायकोनं माझ्या भाव करण्याला पाठिंबा दिला. एरवी दुकानात मी तोंड उघडलं की ती दुसऱ्या काउंटरवर जाऊन अनोळखी असल्यासारखी उभी राहते. आज म्हणाली, "घाई कशाला करता? चार ठिकाणी विचारा. भाव उतरेल." मी चाटच पडलो. उशिरा का होईना, तिला माझ्या कामातलं मर्म कळलं म्हणायचं.

लेकीचा फोन आला होता. "बाबा, दार नाही झालं तरी चालेल हं. मी टॅक्सीनं येते." मी चांगलं सुनावलं. पोटुशी पोर, आणि भाड्याच्या गाडीत कुठल्या तरी परक्या माणसाच्या भरवशावर येणार? मी काय मेलोय? ती म्हणाली, "आईला द्या फोन." मायलेकी खोलीचं दार लावून अर्धा तास बोलल्या. बायकांची बोलणी, त्यात आपण कशाला पडा.

सोमवार, १६ फेब्रुवारी

म्हटलं, शंभर किलो तर शंभर किलो. दोघांनी लावला जोर की दार वर जाईल, खाली एक टेकू देऊ, गाडी बाहेर काढून रस्त्यावर ठेवू. मग या फिटर लोकांची मिजास सहन करायची गरज नाही. शेजारच्या बंबवाल्यांना हाक मारली. तीस वर्षं त्यांनी आगीचा बंब चालवला, म्हणून सगळे त्यांना बंबवालेच म्हणतात. अजून गडी दणकट आहे.

"हां, एक, दोन, तीन," म्हणून उचललं. दार गुडघ्यापर्यंत आलं. एवढ्यात बायको मागून म्हणाली, "भाऊजी, पाठ सांभाळा." आणि त्याच क्षणी बंबवाल्यांची पाठ धरली. "अगागा, गेलो," म्हणून खालीच बसले. दार धाडकन आदळलं, माझा अंगठा थोडक्यात वाचला.

संध्याकाळी पाहिलं तर हेच गृहस्थ कुंड्यांच्या मातीची दोन पोती दोन खांद्यांवर घेऊन जिना चढत होते. विचारलं तर म्हणाले, "चढताना दुखत नाही, वाकताना दुखतं." असेल बुवा.

बायकोनं गेल्या आठवड्यापासून सकाळी फिरायला जायला सुरुवात केली आहे. साडेसहाला जाते, तासाभरानं येते. डावी पोटरी दुखते म्हणून रोज तेल चोळते. मी म्हटलं, चालायला दोन पाय लागतात, तुझा एकच कसा दुखतो? बूट बदल. ती नुसती हसली.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

तिसरा भाव मिळाला, बाजारपेठेतल्या एका दुकानदाराचा. नऊ हजार दोनशे. रीतसर तक्ता केला, तीन रकाने, खाली शेरा. सर्वात कमी पहिला फिटर. त्याला फोन लावला आणि मंजूर म्हणून सांगितलं. तर पठ्ठ्या म्हणतो, "आजचा भाव आठ हजार सातशे आहे साहेब. पोलाद महागलं."

अकरा दिवसांत नऊशे! आमच्या कारखान्यात कोटेशन दिलं की तीस दिवस बांधील असायचं. शब्दाला काही किंमत? मी म्हटलं, जुन्या भावानं देत असशील तर बोल. तो म्हणाला, "तुम्हाला कळवायचं काम माझं, साहेब. सावकाश ठरवा." सावकाश म्हणे! बाकीच्या दोघांना फोन केले, तर त्यांचेही आकडे चढलेले. म्हणजे तक्ता पूर्ण होईपर्यंत तक्ताच शिळा. फोन आपटला.

बायकोला सांगितलं, तर तिनं चहा पुढं ठेवला आणि म्हणाली, "थांबा थोडं. चढतो तसा उतरतोही." तिचा हा नवा समजूतदारपणा मला झेपेनासा झालाय.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

निर्णय घेतला. दलाल नको, फिटर नको. स्प्रिंगांची जोडी थेट कारखान्यातून टपालानं मागवायची. चार हजार नऊशे. बसवायला कोणीतरी रोजंदारीवर मिळेल. हे आधीच करायला हवं होतं, काखेत कळसा नि गावाला वळसा झाला.

मापं लागतात तीन: लांबी, आतला व्यास आणि तारेची जाडी. तुटका तुकडा खाली काढून ठेवलाच होता. जाडी मापायचा माझा जुना व्हर्निअर काढला, स्टूलवर बसून पाऊण तास मापं घेतली. गॅरेजातला दिवा अगदी मिणमिणता आहे, तोही बदलायला हवा. बायको येऊन म्हणाली, "आकडा मी वाचू का?" मी म्हटलं, बत्तीस वर्षं व्हर्निअर वाचलाय, तू भाजी बघ. तारेची जाडी सव्वापाच मिलिमीटर. पैसे भरले, पावती आली.

बुधवार, ४ मार्च

जोडी आली. खोकं फोडलं. जुना तुकडा शेजारी ठेवला, तर नवी स्प्रिंग त्याच्यापुढे अगदी काडीपैलवान. बंबवाले कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, "ही दार उचलणार की दार हिला?" मला हसू आलं नाही.

पुन्हा मापलं. सव्वापाच. बायकोनं व्हर्निअर माझ्या हातातून घेतला, एकदाच डोळ्यांपाशी नेला आणि म्हणाली, "सव्वासहा आहे." मी म्हटलं शक्य नाही. बंबवाल्यांनी पाहिलं. सव्वासहा. मग मी दारात उजेडाला जाऊन पुन्हा पाहिलं. उजेडातही आकडा जरा पोहत होता, पण सहा असावा.

परत पाठवायचा खर्च आपला आणि वर दोन टक्के, पाच टक्के नव्हे, वीस टक्के कापणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दिव्याचा दोष आहे, दुसरं काही नाही.

"एकदा डोळे दाखवून या ना," ती म्हणाली. हे ती वर्षभर म्हणते आहे. चष्म्याच्या फ्रेमचे भाव ठाऊक आहेत का तिला? स्प्रिंग परवडली. मी तसं म्हटलं आणि ती उठून आत गेली, बराच वेळ नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी सकाळीच घासून झाली होती.

रविवार, ८ मार्च

बंबवाल्यांच्या गाडीचा क्लच जळला. तीस वर्षं बंब हाकलेल्या माणसाचा! मी म्हटलं, काय हो, पेन्शनीत गेल्यावर पाय जड झाला का? ते म्हणाले, "वय झालं, साहेब." आणि माझ्या बायकोकडे बघून दोघंही असे हसले की मला त्यात विनोद काय ते कळेना. बायको म्हणाली, "क्लचचा खर्च फार येतो का हो, भाऊजी? आम्ही काही मदत..." ते म्हणाले, "वहिनी, लाजवू नका." तिचा हात पहिल्यापासून सढळ, पण शेजाऱ्याचा क्लच आपण का भरायचा?

जेवताना तिनं मध्येच विचारलं, "चढावर गाडी थांबली आणि मागं घसरायला लागली, तर नक्की काय करायचं असतं?" मला बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिनं गाडीबद्दल एक प्रश्न विचारलेला नाही. हँडब्रेक, अर्धा क्लच, इंजिनाचा आवाज कसा बदलतो, तो बदलला की हँडब्रेक कसा हळूच सोडायचा, सगळं ताट-वाटीवर करून दाखवलं. वाटी सांडली. पण ऐकत होती मन लावून.

लग्नानंतर एकदा तिला चालवायला शिकवायला घेतलं होतं. तिसऱ्या मिनिटाला मी ओरडलो. ती उतरली आणि दोन किलोमीटर चालत घरी आली. पुन्हा तिनं विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. काहींना यंत्राचं अंगच नसतं.

गुरुवार, १२ मार्च

आजचा भाव नऊ हजार नऊशे. मी फिटरला म्हटलं, अरे, तू स्प्रिंग विकतोस की सोनं? तो शांतपणे म्हणाला, "उद्या परत करा फोन, साहेब. मी सांगेन." त्याला माझ्याशी बोलायला आवडतं की काय, कळत नाही. आवाजात चेष्टा नसते, तेच जास्त झोंबतं.

गॅरेजमध्ये जाऊन गाडी पुसली. आत बसलो थोडा वेळ. बंद दारासमोर बसायला निवांत वाटतं. कुठून कोण येतंय याची भानगड नाही.

मंगळवार, १७ मार्च

बायको आज नऊ वाजता बाहेर पडली आणि साडेअकराला आली ती डोळे लाल करून. पर्स सोफ्यावर फेकली. काय झालं विचारलं. म्हणाली, "एक माणूस ओरडला माझ्यावर. सारखा आपला 'वळा, वळा, अहो वळा ना' करत होता. मी घाबरले आणि कडेला जाऊन धडकले."

"धडकलीस? कशाला?"

"दगडाला. लागलं नाही काही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बाईमाणूस रस्त्यानं चाललंय आणि हा कोण सोम्यागोम्या तिला वळा म्हणणार? मी म्हटलं, चल, पोलिसांत तक्रार देऊ, वर्णन सांग. ती रडता रडता हसायला लागली आणि हसता हसता परत रडायला लागली. "नको. त्याचंही बरोबर होतं. मी वळायलाच हवं होतं." मग मी तिला रस्त्यानं चालताना समोरच्याला कशी वाट द्यायची ते समजावून सांगितलं.

दुपारी बंबवाले आले. तिला म्हणाले, "वहिनी, पहिल्यांदा मीसुद्धा आपटलो होतो. नऊ दिवसांनी परत जाऊ." कुठं जाऊ, मी विचारलं. "फिरायला," दोघंही म्हणाले.

गुरुवार, २६ मार्च

हरलो. दहा हजार चारशे. लेकीला आणायला तीन दिवस राहिले आणि माझ्याकडे आहे काय, तर पाच वेळा खोडलेला तक्ता, टपालानं परत गेलेली स्प्रिंग आणि पुरतं फुकट गेलेलं डोकं. ९ फेब्रुवारीलाच हो म्हटलं असतं तर दोन हजार सहाशे वाचले असते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण बहुतेक खरेदी विभागातल्याच कोणीतरी काढली असावी. चेक लिहून ठेवला.

बायको दुपारी केक घेऊन आली. कशाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, "असाच. खावासा वाटला." बंबवाले आणि त्यांची बायको जेवायच्या आधीच हजर. बंबवाल्यांनी दोन तुकडे खाल्ले आणि माझ्या बायकोला चक्क कडक सॅल्यूट ठोकला. ती लाजली. या वयात लाजते म्हणजे काय! मी इथं दहा हजारांच्या खड्ड्यात पडलोय आणि घरात मेजवानी चालली आहे.

"फिटरला उद्या बोलवायला हवं," मी म्हटलं.

"येतोय तो सकाळी," बायको केक कापता कापता म्हणाली. "मी केलाय फोन."

शुक्रवार, २७ मार्च

फिटर आठला आला. शिडी लावली, दांडा सोडवला, नव्या स्प्रिंगा चढवल्या. मग दोन लोखंडी सळ्या आळीपाळीनं घालून एकेक पीळ भरत गेला. मोजत होता तोंडातल्या तोंडात. दीड तासानं त्यानं दाराला एक बोट लावलं आणि शंभर किलोचं दार वर गेलं. सहा आठवड्यांनी गॅरेजमध्ये ऊन आलं. मी खिशातून चेक काढला.

"हे कशाला, साहेब? पैसे भरलेत."

"कोणी?"

"वहिनींनी. पहिल्याच दिवशी. सात हजार पाचशे."

"सात हजार आठशे म्हणाला होतास ना?"

"त्यांनी तीनशे कमी करून घेतले, फाटकापाशी. मी त्याच दिवशी माल उचलून ठेवला. म्हणाल्या, मी फोन करेन तेव्हाच यायचं, त्याआधी नाही."

"आणि मग मला रोज भाव कसले सांगत होतास?"

तो हत्यारं गोळा करत होता. मान वर न करता म्हणाला, "खरेच सांगत होतो, साहेब. बाजारात होते तेच. वहिनी म्हणाल्या होत्या, ते फोन करतील, त्यांना आजचा भाव सांगत जा, त्यांचं मन रमतं."

मी घरात गेलो तेव्हा माझे कान तापले होते. ती जेवणाच्या टेबलापाशी उभी होती आणि टेबलावर एक कार्ड होतं. तिचा फोटो, कालची तारीख. वाहन चालवण्याचा परवाना. मी आधी कार्ड जवळ धरलं, मग लांब धरलं. फिरायला जाणं, पोटरी, क्लच, 'वळा वळा', केक. सगळं एका झटक्यात लागलं आणि जे तोंडाला येईल ते मी बोललो. एकोणचाळीस वर्षांत मला कोणी असं बनवलं नाही म्हटलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाताशी धरून नवऱ्याला घरात कोंडून ठेवलंस, म्हटलं. आणखीही बरंच बोललो. ते लिहवत नाही.

ती शेवटपर्यंत ऐकत होती. प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवलं आहे तिनं, कोणाला ओरडून दमू द्यायचं हे तिला कळतं. मी थांबल्यावर म्हणाली, "जानेवारीत तुम्ही दुसऱ्यांदा खांबाला घासलंत, त्यानंतर तुम्ही गाडी घेऊन गेलात की परत येईपर्यंत मी फाटकाशी उभी असायचे. तुम्हाला सांगून पाहिलं. डोळ्यांचं नाव काढलं की तुम्ही भावावर जाता. स्प्रिंग तुटली ना, त्या रात्री वर्षभरात पहिल्यांदा मला नीट झोप लागली. त्या सकाळीच ठरवलं होतं, आता असंच राहू दे. तोवर मी शिकते."

"आणि लेकीला माहीत होतं?"

"तिनंच सांगितलं शिक म्हणून."

मी म्हटलं, माझ्या गाडीला हात लावायचा नाही. परवा मीच जाणार.

शनिवार, २८ मार्च

अबोला. तिनं ताट वाढलं, मी जेवलो. बंबवाले फाटकापर्यंत येऊन परत गेले. चोराच्या मनात चांदणं.

दार दिवसभरात अकरा वेळा उघडून बंद केलं. हलकं चालतं. काम चांगलं केलंय, त्याबद्दल बोलायला जागा नाही. गाडी मात्र बाहेर काढली नाही. कारण काही नाही, उगाच पेट्रोल कशाला जाळा.

रविवार, २९ मार्च

सकाळी नऊला निघायचं होतं. मी किल्ली घेऊन चालकाच्या जागी बसलो. वाटलं होतं ती वाद घालेल. घातला नाही. पर्स मांडीवर घेऊन शेजारी बसली आणि पट्टा लावला. मी गाडी गॅरेजातून मागं काढली, वळवली, फाटकाच्या तोंडाशी आणली. खांब नीट चुकवला. तिच्याकडे पाहिलंसुद्धा.

मग रस्त्यावर निघायच्या आधी मी म्हटलं, "उजवीकडून येतंय का कोणी?"

"आता नाही. थांबा, सायकलवाला आहे."

थांबलो. मला रस्ता मोकळा दिसत होता. चांगला, लख्ख, रिकामा रस्ता. आणि त्या रिकाम्या रस्त्यातून एकदम एक बाई सायकलवरून बॉनेटच्या अगदी पुढ्यातून गेली. सायकलच्या मागच्या सीटवर लहान मूल बसलेलं. ती कुठून आली ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही.

"आता चला," बायको म्हणाली. नेहमीच्याच आवाजात.

मी गाडी हलवली नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. येताना लेक मागं बसेल. तिला आडवं व्हावं लागेल, उलटी होईल, काहीही होईल. म्हणून ही मागं तिच्याजवळ बसणार, हे आमचं दोन महिन्यांपूर्वीच ठरलंय. म्हणजे शेजारची सीट रिकामी. मग मी विचारणार कोणाला? आणि ऐन वेळी दवाखान्यात नेताना?

रस्त्यावरून जाणाऱ्या एका गाडीनं हॉर्न दिला. मी इंजिन बंद केलं, उतरलो, पुढून वळसा घालून तिच्या दाराशी गेलो आणि दार उघडलं. किल्ली पुढं केली. तिनं घेतली. आम्ही जागा बदलल्या.

पहिल्याच वळणावर गाडी बंद पडली. चढावर मागं घसरली, तिनं हँडब्रेक ओढला, अर्धा क्लच, इंजिनाचा आवाज बदलला, सोडला. चढलो. चाळीस किलोमीटरला दोन तास लागले. मागून येणारे सगळे जग उलथल्यासारखे हॉर्न वाजवत पुढं गेले. मी तीनदा ओरडलो. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अजून एकदा ओरडलात तर तुम्हाला इथंच उतरवीन, घर सत्तावीस किलोमीटर आहे."

लेक दारातच उभी होती, पोटावर हात ठेवून. गाडी थांबली आणि कोण कुठल्या बाजूनं उतरतंय ते तिनं पाहिलं. पळत येता येईना म्हणून तिथूनच रडायला लागली. मला वाटलं आईच्या गळ्यात पडेल. पडली माझ्या. "बाबा, रागावलात?"

"हो," मी म्हटलं.

येताना मी मागं तिच्याजवळ बसलो. तिला कळ आली की ती माझं मनगट आवळायची. तशा काळजीच्या नव्हत्या त्या कळा, दिवस आहेत अजून. पुढं बायको आरशात बघत, ओठ चावत, अख्खा रस्ता सांभाळत होती. बाहेर काय येतंय नि काय जातंय ते मी पाहिलंच नाही. मला पाहायचं नव्हतं.

उद्या सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं आहे. ते काय सांगतील याचा मला साधारण अंदाज आहे. या वहीत मी स्प्रिंगांचा भाव पैशापैशानं लिहिला, खांब बांधणाऱ्या गवंड्याला आणि गॅरेजातल्या दिव्याला शिव्या घातल्या. एक गोष्ट मात्र एकदाही लिहिली नाही. गेलं वर्षभर किल्ली हातात घेतली की माझ्या पोटात गोळा यायचा. आज संध्याकाळी तिनं गाडी आत घातली, दार खाली ओढलं आणि किल्ली खुंटीला लावली. मी ती पाहत होतो आणि गोळा आला नाही.